पहिल्या दिवसाची यादी

यादी पुण्यातच केली होती, निघायच्या आदल्या रात्री. चावी घेणे. बादली, मग. पोस्ट. केळी वगैरे. वह्या आणि बाराखडीचं पुस्तक. ओतशाळा बघून येणे. सर्वांत खाली वेगळ्या शाईत एक शब्द आहे, तो मी चेन्नईला एग्मोर स्टेशनवर गाडीची वाट बघताना लिहिला : उत्तर.

वरची सहा कामं पुण्यात मी दुपारच्या जेवणाआधी उरकली असती. सातव्याला मात्र दीड वर्ष पुरलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी मला माटुंग्याहून एका वयस्कर वाचकाचं पत्र आलं होतं. घरची भाषा तमिळ, शाळा मराठी, अक्षर वळणदार. मी मराठीत आणलेली एक तमिळ कादंबरी त्यांनी वाचली होती. मूळ कादंबरी तरुणपणीच वाचलेली. पत्रात कौतुक होतं आणि शेवटी एकच प्रश्न होता. तमिळ ‘तिण्णै’ला तुम्ही पुस्तकभर ‘व्हरांडा’ म्हटलं आहे. मूळ समोर असताना हा शब्द का घ्यावासा वाटला?

मूळ माझ्यासमोर नव्हतं. इंग्रजी भाषांतर होतं. मला तमिळ येत नव्हतं. पण पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘तमिळमधून अनुवाद’ असं छापलेलं आहे. मुद्रितं तपासताना मला ते दिसलं होतं. प्रकाशकांना विचारलं, तर म्हणाले, “इंग्रजीवरून म्हटलं की लोकांना शिळं वाटतं हो.” मी पुढे काही बोलले नाही. तौलनिक साहित्यात एम.ए. करताना दुसऱ्या भाषेतून तिसऱ्या भाषेत जाणाऱ्या अनुवादांवर मी निबंध लिहिला होता. वाटेत काय काय गळतं याची त्यात यादी होती. पुढे एका परीक्षणात माझ्या पुस्तकाला ‘मूळ तमिळचा गंध’ असल्याचं आलं. ते कात्रण मी फाइलीत लावलं. माटुंग्याच्या पत्राला उत्तर दिलं नाही.

आता दुसरी कादंबरी हातात आहे, एका ओतारी घराण्यावरची. ती घेण्याआधी एक महिना स्वामीमलैला राहायचं आणि निदान अक्षरओळख पक्की करायची असं ठरवून मी जूनच्या पहिल्या आठवड्यात पहाटे कुंभकोणमला उतरले.

तिथून स्वामीमलै आठेक किलोमीटर. टाउन बसमध्ये कंडक्टरसमोर पन्नासची नोट धरली. त्याने ती घेतली नाही, नुसतं तिकीट हातात दिलं. सुट्टे नसतील असं वाटून मी पर्स उपसू लागले. शेजारच्या बाईंनी माझं मनगट धरून पर्स बंद करायला लावली आणि म्हणाल्या, “लेडीस फ्री.” तमिळनाडूत साध्या टाउन बसना बायकांना २०२१पासून तिकीट लागत नाही हे मी वाचलेलं होतं. आपल्याकडे एसटीत २०२३पासून अर्धं तिकीट झालं, तेव्हा तुलनाही केली होती. पण वाचलेलं ऐन वेळी कामाला येत नाही, याची त्या दिवसातली ही पहिली खूण. मी ओशाळून काहीतरी पुटपुटले. बाई म्हणाल्या, “परवायिल्लै.”

हा शब्द दिवसभर ऐकला. त्यातला ‘परवा’ म्हणजे आपलीच पर्वा आणि ‘इल्लै’ म्हणजे नाही. पर्वा नाही. मराठीत हे तोंडावर म्हटलं तर भांडण होईल. तमिळमध्ये त्याचा अर्थ : असू दे, चालतं, मनाला लावून घेऊ नका.

खोली एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेच्या घरात घेतली होती. त्याच मला शिकवणार होत्या. सगळी गल्ली त्यांना ‘मामी’ म्हणते, मीही म्हणू लागले. “वांगो, वांगो” म्हणत त्यांनी दार उघडलं आणि पाठोपाठ हिंदीत म्हणाल्या, “कृपया आसन ग्रहण कीजिए.” दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेची मध्यमा परीक्षा त्यांनी शाळकरी वयात दिली होती आणि त्यानंतर हिंदी बोलायची वेळच आली नव्हती. त्यांच्या हिंदीत ‘आसन’ होतं, ‘खुर्ची’ नव्हती. माझ्या तमिळमध्येही तेच. फोनवरच्या धड्यांतून दोन महिने लिपी घोटली होती, ‘साहित्य’ आणि ‘भाषांतर’ यांना तमिळमध्ये काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. ‘झाडू कुठे आहे’ हे विचारता येत नव्हतं. मामांना नमस्कार करावा म्हणून ते कुठे आहेत असं खुणेने विचारलं. त्या म्हणाल्या, “कच्चेरी.” सकाळी सहाला कुठली कचेरी? कोर्टकज्जा असेल, म्हणून मी चेहरा गंभीर केला. रात्री मामा भैरवी गुणगुणत परतले तेव्हा कळलं, की तमिळमध्ये कच्चेरी म्हणजे गाण्याची बैठक. पुतण्याच्या लग्नात ती होती.

मामींनी चावी दिली. तमिळमध्येही ती ‘चावी’च, दोन्ही भाषांना ती पोर्तुगीजांनी दिली. मग कॉफी आली, डबऱ्यात ठेवलेला टंबलर. तो घेऊन मी घराबाहेर येऊन बसले. दाराच्या दोन्ही अंगांना भिंतीलगत बांधलेली, कमरेइतकी उंच बैठक, वर लाल कोबा, पुढे आलेलं छप्पर आणि ते पेलणारे दोन लाकडी खांब. रस्त्याने जाणारी एक म्हातारी न विचारता पलीकडच्या बाजूला टेकली, पदराने वारा घेतला आणि पाच मिनिटांनी उठून गेली. ना तिने मामींना हाक मारली, ना मामींनी ‘कोण’ म्हणून विचारलं.

कॉफी अर्धी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी तिण्णैवर बसले आहे.

हा ओटा होता. आमच्या सातारकडच्या आजोळी असा ओटा होता; वाटसरू, भाजीवाली, पोस्टमन, कुणीही त्यावर टेकायचं. इंग्रजी अनुवादकाने तिण्णैला ‘पायोल’ म्हटलं होतं. मद्रासकडच्या इंग्रजीतला तो जुना शब्द, तोही मुळात पोर्तुगीज. मी तो कोशात पाहिला, त्याचा इंग्रजीत अर्थ वाचला आणि त्या अर्थाचा ‘व्हरांडा’ केला. कादंबरीतला बाप मुलीच्या लग्नाचं मोडल्यावर तीन दिवस तिण्णैवर झोपतो. माझ्या मराठीत तो व्हरांड्यात झोपतो, म्हणजे घरातच झोपतो. ओट्यावर झोपणारा बाप साऱ्या गल्लीच्या डोळ्यांसमोर झोपलेला असतो. त्या प्रकरणात दुसरं काही नव्हतंच.

इंग्रजीतून गेल्यामुळे तमिळ हरवतं हे मला माहीत होतं, माझ्या निबंधात ते होतं. त्या वाटेने माझी मराठीही हरवते, हे त्यात नव्हतं.

दहा वाजता बाजारात गेले. बादलीला तमिळमध्ये ‘वाळि’ म्हणतात, तो शब्द वाटेत चार वेळा घोकला आणि दुकानदाराला म्हणून दाखवला. तो गोंधळला. मी हाताने पाणी उपसून दाखवलं. “बकेट्टा?” म्हणत त्याने निळी बादली काढली. आकडा सांगितला तो कळला नाही, म्हणून गणकयंत्रावर दाबून दाखवला. माझ्या तोंडून मराठीच निघालं, “जास्ती आहे.” तो हसला. “जास्ती इल्लै,” तो म्हणाला, “कम्मी!” आणि वर मग फुकट दिला. सुट्टे परत देताना म्हणाला, “बाक्की.” पुढच्या दुकानात इडल्यांना वेळ होता, ‘तयार?’ असं विचारलं तर ते कळलं. दुपारी मामींनी भाडं मागितलं ते ‘रोक्कम’, रोख.

स्वामीमलैपासून तंजावर तासाभराच्या वाटेवर आहे. १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजे तिथे गादीवर बसले आणि १८५५पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य किंवा त्याची सावली होती. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा मराठी इतिहास पाहायला आपल्याकडून लोक जातात. मीही जाणार होते. पण आमच्या दोन भाषांची गाठ मला पहिल्यांदा पडली ती प्लास्टिकच्या बादलीवर. यातले बरेच शब्द मुळात फारसी-अरबी. मराठी कारकुनांनी आणले की अर्काटच्या नवाबाच्या लोकांनी, हे प्रत्येक शब्दागणिक वेगळं असणार. ज्यांनी आणले त्यांना अनुवाद करायचा नव्हता, हिशेब करायचा होता. कमी, जास्ती, बाकी, रोख, तयार एवढ्यावर माझा अर्धा दिवस निभावला. माझ्याकडचे पुस्तकी शब्द पर्समध्येच राहिले.

दुपारी मामींची सात वर्षांची नात सोबत आली. तिची शाळा दोन दिवसांनी उघडायची होती, त्यामुळे वह्यांच्या दुकानात ही गर्दी. चार रेघी वह्या घेतल्या आणि एक ‘अरिच्चुवडी’ : अ अम्मा, आ आडु म्हणजे शेळी, इ इलै म्हणजे पान. दुकानदाराने नातीकडे बघून विचारलं, पुस्तक हिचं ना? नातीने माझ्याकडे बोट दाखवलं. रांगेतल्या चार बायका वळून हसल्या. मीही हसले, पण कान तापले होते. सेहेचाळिसाव्या वर्षी, दहा पुस्तकं नावावर असताना.

तिथून पोस्टात जाऊन अडीच रुपयांचं अंतर्देशीय पत्र घेतलं आणि केळीवाल्याकडे आलो. केळ्याला तमिळमध्ये ‘वाऴैप्पऴम’. त्यात जो ‘ऴ’ दोनदा येतो तो आपल्याकडे नाही. नात म्हणाली, “आंटी, नो,” आणि तोंड उघडून जीभ दाखवू लागली. आपला ळ म्हणताना जीभ टाळूला टेकते. ऴ म्हणताना ती मागे वळते, पण टेकत नाही. मधेच अधांतरी राहते. माझी दर वेळी टेकत होती. मजा म्हणजे ‘तमिळ’ या नावातच तो ऴ आहे. आपण तिथे ळ लिहितो, इंग्रज ल लिहितो, आणि तमिळमध्ये साधा ळ वेगळा आहेच. जिच्यातून अनुवाद केल्याचं मी छापू दिलं, त्या भाषेचं नावही मला म्हणता येत नव्हतं.

केळीवाल्याने विचारलं, “ओरु सीप्पु?” नातीने स्वतःच्या केसांतून बोटं फिरवून दाखवली : सीप्पु, कंगवा. मग केळ्यांकडे बोट : सीप्पु. मी रस्त्यातच थांबले. मराठीत आपणही केळ्यांची फणीच म्हणतो. इंग्रजीत त्याला हात म्हणतात. इंग्रजीवरून आले असते, तर मी ‘घड’ लिहून मोकळी झाले असते.

चार वाजता ओतशाळेत गेले. स्वामीमलैच्या पंचधातूच्या मूर्ती प्रसिद्ध आहेत. २०२३च्या सप्टेंबरात जी-२० परिषदेसाठी दिल्लीच्या भारत मंडपमपुढे उभा केलेला २७ फुटी नटराज इथल्याच स्थपतींनी घडवला. मी गेले ती ओतशाळा लहान होती. काम करणाऱ्या माणसाने मला स्टूल दिलं आणि थांबून थांबून, थोड्या इंग्रजीत, दाखवत गेला. नारळाच्या झावळीची पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापून ती घड्या घालत जायचं; त्या घड्यांच्या खुणांवरून चेहरा, धड, पाय यांची मापं ठरतात. मग मेण आणि राळ यांच्या मिश्रणाची मूर्ती. तिच्यावर कावेरीच्या गाळाचा पातळ थर, सावलीत वाळवून दुसरा, त्यावर जाड माती. मग गोवऱ्यांच्या आचेवर तापवलं की मेण वितळून बाहेर येतं आणि त्या पोकळीत धातू ओततात. निवाल्यावर माती फोडतात.

माझ्या हस्तलिखितात या मातीच्या वेष्टनाला सगळीकडे ‘साचा’ आहे, कारण इंग्रजीत तोच शब्द होता. मी विचारलं, की या साच्यातून किती मूर्ती निघतात? त्याला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्याने एक बोट वर केलं आणि कोपऱ्यातला फुटक्या मातीचा ढीग दाखवला. साचा म्हटलं की मराठी वाचकाला पेणच्या गणपतींची रांग दिसणार, साचेबद्ध वाटणार. इथे प्रत्येक मूर्तीचं वेष्टन तिच्यासाठीच लिंपलं जातं आणि तिच्यासाठीच फुटतं. ‘लिंपण’ हा शब्द मला तिथे स्टुलावर बसूनच सुचला. या पद्धतीचं इंग्रजी नाव आहे ‘हरवलेलं मेण’. मीही तसंच केलं होतं. पण मेण हरवत नव्हतं. खालच्या भांड्यात जमा होत होतं आणि पुन्हा वापरणार होते. कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त या पद्धतीचं वर्णन आहे, आणि तिचं संस्कृत नाव मधूच्छिष्टविधान : मध काढून घेतल्यावर उरतं ते मेण. एका भाषेत हरवलेलं, दुसऱ्या भाषेत उरलेलं. तमिळमध्ये काय म्हणता, मी विचारलं. “मेऴुगु.” पुन्हा ऴ. मी म्हणून बघितलं, जीभ टेकली. तो म्हणाला, “परवायिल्लै.”

संध्याकाळी मामी देवळात घेऊन गेल्या. स्वामीमलै, ‘मलै’ म्हणजे डोंगर. पण सगळा सपाट भातशेतीचा मुलूख, देऊळ आहे ते माणसांनी रचलेल्या टेकडीवर. मुरुगनच्या सहा मुख्य स्थानांपैकी हे एक. कथा अशी, की ओंकाराचा अर्थ ब्रह्मदेवाला सांगता आला नाही, मुलाला येत होता. तो ऐकायला शंकर मुलापुढे शिष्य होऊन बसला. म्हणून इथला देव बापाचाही गुरू, स्वामीनाथ. मामी ही कथा सांगत होत्या आणि नात माझ्या पिशवीतली अरिच्चुवडी काढून पाहत होती.

वर जायला साठ पायऱ्या आहेत, साठ संवत्सरांच्या. पायऱ्यांवर त्यांची तमिळ नावं. पहिल्या पायरीशी मी अक्षरं लावू लागले : पि, र, प, व. काहीच बोध होईना. दुसरी : वि, प, व. तमिळमध्ये प, ब, भ या सगळ्यांना एकच अक्षर, हे आठवलं, आणि एकदम लागलं : प्रभव, विभव. तिसऱ्या पायरीवर वाचायच्या आधीच ओठांवर ‘शुक्ल’ आलं. आजोबा पाडव्याला पंचांग वाचताना संवत्सराचं नाव सांगत आणि आम्हा मुलांकडून साठही पाठ करून घेत. तीच नावं, तोच क्रम. मी पायरीपायरीवर वाचत चढले. मागून माणसं वळसा घालून पुढे जात होती. त्रेपन्नाव्या पायरीवर सिद्धार्थी, माझ्या जन्माचं, १९७९चं संवत्सर. मामींनी टाळी वाजवली. “आपने पढ़ लिया!”

मला आनंद झाला हे खोटं नाही. पण वर जाऊन कठड्याशी बसल्यावर वाटलं, हे वाचणं नव्हे. अर्थ आधीच ठाऊक होता, अक्षरं त्याच्यावर बसवली. इंग्रजी समोर ठेवून मी तमिळच्या नावाने जे केलं, तेही असंच होतं. फरक एवढाच, की इथे अक्षर चुकलं तर सात वर्षांची एक मुलगी लगेच “नो” म्हणायला शेजारी उभी होती.

रात्री निळ्या बादलीने अंघोळ केली, दोन केळी खाल्ली आणि यादी काढली. सहा कामांवर रेघ मारली. मग ओट्यावर दिव्याखाली बसून अंतर्देशीय उलगडलं. ‘व्हरांडा’चं समर्थन करणारी दोन वाक्यं डोक्यात तयार होती, दीड वर्ष ती मी घासूनपुसून ठेवली होती. ती लिहिली नाहीत. लिहिलं ते असं, की मूळ समोर नव्हतं. मला तमिळ येत नाही. पुस्तक इंग्रजीवरून केलेलं आहे आणि ‘तमिळमधून’ असं छापलं जात असताना मी गप्प बसले. पुढच्या पुस्तकावर ‘इंग्रजीवरून’ असं असेल, नाहीतर ते माझ्या नावाने निघणार नाही. ‘तिण्णै’ला ओटा म्हणायला हवं होतं. हे मी ओट्यावर बसून लिहीत आहे. प्रकाशकांनाही फोनवरून तेवढंच कळवलं. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, “बघू.”

माटुंग्याचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं, पुण्याहून पुढे पाठवलेलं. तोवर १२ जूनला मेट्टूर धरणातून पाणी सुटलं होतं आणि कावेरीच्या कोरड्या पात्रात पाणी दिसू लागलं होतं. पत्रात माझ्या कबुलीबद्दल एक अक्षर नव्हतं. कादंबरीतल्या सतरा चुका होत्या, पृष्ठांक आणि ओळी यांच्यासह, प्रत्येकीपुढे मूळ तमिळ शब्द त्यांच्या वळणदार हातातला. व्हरांड्याची चूक त्यांत नवव्या क्रमांकावर होती.

मामींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, सगळी यादी वाचली आणि रेघी वही पुढे ओढली. महिना संपेपर्यंत नऊ शब्द मला नीट कळले. उरलेल्या आठांसाठी दर रविवारी त्यांना फोन करते. सध्या बारावा चालू आहे. त्यात ऴ आहे.